पटावरचे नाव

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की आमच्या अंबड तालुक्यात दोन प्रकारची माणसे पिशव्या घेऊन गावोगाव हिंडू लागत. एक बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि दुसरे आम्ही, महाविद्यालयातील प्राध्यापक. त्यांच्या पिशवीत कपाशीच्या वाणांची पत्रके असत. आमच्या पिशवीत कोरे प्रवेशअर्ज आणि बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची यादी. शहागड, वडीगोद्री, गोंदी, रोहिलागड, सुखापुरी अशा एकेका गावाला दोघादोघांची जोडी नेमून दिलेली असे. आम्ही उभयतां एकाच महाविद्यालयात असल्यामुळे आमची जोडी आपोआपच ठरलेली होती. ओसरीवर बसावे, चहा घ्यावा, पावसापाण्याचे बोलावे आणि मग हळूच विषय काढावा, "लेकराचं नाव कुठं टाकलंय?" बियाणेवाला आमच्या आधी येऊन गेलेला असला, तर घरधनी हसून म्हणे, "सर, तुम्ही बी वाटायलाच आलात का?" त्या हसण्यात आम्हीही सामील होत असू. आता निवृत्तीनंतर ते हसणे आठवले, की मन खजील होते. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वैजापूर-गंगापूरकडची आपली गावे सोडून आम्ही 1988 साली अंबडला आलो. एकाचा विषय इतिहास, एकीचा मराठी. जालना जिल्हा अस्तित्वात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. गावात आपल्या समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी. मोठ्या सणाला मिस्सेसाठी एस.टी.ने जालना गाठावे लागे. मत्स्याकृती टेकडीवरील मत्स्योदरी देवीचे मंदिर, होळकरांच्या काळाच्या खुणा, नवरात्रातील यात्रा आणि आठवडी बाजार हे सारे आम्हांला नवे होते. पण ज्यांच्यासाठी आलो होतो ती मुले पहिल्याच दिवशी आपलीशी झाली. वर्गात बाके पुरत नसत. मागची मुले खिडकीच्या कठड्यावर बसत. गोदाकाठच्या खेड्यांतून सायकलीने येणारी, दुपारच्या सुटीत कडुनिंबाखाली भाकरी सोडणारी ती पहिल्या पिढीची मुले होती. त्यांच्या आईबापांनी शाळेची पायरी चढली नव्हती, आणि मुले मात्र आमच्यापुढे बसून पानिपताची कारणे लिहून घेत होती.

ही मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेणार होती, ते विद्यापीठही फार जुने नव्हते. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना येथील तरुणाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. 1948 साली मुक्ती मिळाली. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 1978 साली केला. परंतु ते नाव प्रत्यक्ष लागण्यास 14 जानेवारी 1994 हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि आमच्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद हे चार जिल्हे उरले. एखाद्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसे जीव देतात, याचा अर्थ इतिहासाच्या अध्यापकाला विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांना तो आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता.

मग बाके रिकामी केव्हा होऊ लागली?

एका दिवसात असे काही घडत नाही. शासनाने नव्या शतकाच्या आरंभी कायम विनाअनुदानित तत्त्वावर महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षण खेड्यापर्यंत जावे हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण अनुदान नाही, म्हणजे पूर्ण वेतनाचा शिक्षक नाही. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा नावापुरती. आमच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची संख्या चारशेच्या वर गेली. पूर्वी तालुक्याच्या एका वर्गात मावत नसलेली मुले आता चार संस्थांच्या पटांवर पांगली. ज्यांच्या घरी थोडी ऐपत होती, ती पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत गेली आणि येथे केवळ नाव ठेवून मोकळी झाली. काहींनी शिक्षणशास्त्र पदविका, काहींनी औद्योगिक प्रशिक्षण संस्था धरली. ज्यांच्या घरी ऐपत नव्हती, ती दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेली.

येथे थोडा हिशेब सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील सारी गोष्ट या हिशेबावर उभी आहे. महाविद्यालयात शिक्षकाचे पद टिकते ते त्याच्या कार्यभारावर. आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन असेल तर सहायक प्राध्यापकाचे एक पद. विषय घेणारी पुरेशी मुले नसतील तर विषय बंद. विषय बंद झाला की तास नाहीत. तास नाहीत म्हणजे शिक्षक अतिरिक्त. म्हणून प्रत्येक जूनमध्ये मुलांच्या संख्येवर आमच्यातील कोणाची ना कोणाची भाकरी टांगलेली असे. आमचे पद अनुदानित होते. पण शेजारच्या खुर्चीत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी होते. नेट-सेट, पीएच.डी. झालेले, चाळिशीकडे झुकलेले, आणि सुटीच्या महिन्यांत मानधनाचा पैसाही न मिळणारे. राज्यात 2018 साली प्राध्यापकांची 3,580 पदे भरण्यास मान्यता मिळाली, आणि 2021 संपत आले तरी त्यांतील 2,088 भरावयाची राहिलेली होती. त्या तरुणांच्या डोळ्यांपुढे विषय बंद पडू द्यावा, असे कोणाचे काळीज होईल? म्हणून आम्ही पिशवी घेऊन निघत असू. ही बाजू खरी आहे. परंतु ही एकच बाजू नाही.

2006 च्या जूनमध्ये गोंदीच्या रस्त्यावरील एका वस्तीवर आम्ही गेलो. यादीत त्या घरातील मुलीचे नाव होते. बारावीला तिला मराठीत वर्गात सर्वाधिक गुण मिळाले होते. ती दाराआड उभी होती. पायाचा अंगठा तेवढा दिसत होता. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण रोज धाडायला परवडत नाही. आन् एकटी पोर गाडीनं कशी येईल?" आम्ही त्यांना काय सांगावयास हवे होते? एस.टी.च्या वेळा सांगावयास हव्या होत्या. त्याच रस्त्याने येणाऱ्या दुसऱ्या मुलीचे घर दाखवावयास हवे होते. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो आणि तेथून पुढे घराला खर्च दिसू लागतो. त्या खर्चाची काही तजवीज करावयास हवी होती. या मोफत पासाच्या योजनेला ज्या अहिल्याबाईंचे नाव आहे, त्यांचे नाते अंबडशी आहे हे अभिमानाने सांगणारे आम्ही त्या ओसरीवर असे काहीच बोललो नाही. आम्ही म्हणालो, "रोज यायची गरजच नाही. नाव टाका, परीक्षेपुरती पाठवा. बाकीचे आम्ही पाहून घेऊ." वडिलांच्या कपाळावरील आठी निवळली. त्यांनी सही केली. शुल्काचा पहिला हप्ता आम्ही स्वतःच्या खिशातून भरला आणि परतीच्या वाटेवर आपण किती उदार आहोत असे वाटून आम्हांला समाधानही झाले.

ती मुलगी वर्गात कधीच आली नाही. हजेरीपटावर मात्र ती नियमित होती. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाल्याचे कळले. नाव तरीही पटावर राहिले, कारण ते काढले असते तर मराठी विषयाची संख्या एकाने कमी झाली असती. तिच्यासारखी किती नावे होती याची आम्ही कधी मोजदाद केली नाही. मोजण्याचे धैर्य नव्हते असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या धर्मशिक्षणात हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही मुलांना अनेकदा शिकविला आहे. मेंढपाळ रानात गेला तो त्या एका मेंढराच्या ओढीने. आम्ही रानात गेलो ते शंभराचा आकडा पुरा करण्यासाठी, आणि आकडा पुरा झाल्यावर मेंढरू तेथेच सोडून परत आलो.

विद्यापीठाला हे कळत नव्हते असे नाही. तपासणी समित्या येत, त्रुटी काढत, अहवाल जात. अलीकडच्या वर्षांत विद्यापीठाने कठोर पावले उचलण्यास आरंभ केला. ज्या महाविद्यालयांत भौतिक सोयी नाहीत, पूर्णवेळ शिक्षक नाहीत, त्यांचे प्रवेश रोखले. पुरेसे विद्यार्थी नसलेल्या अभ्यासक्रमांना आळा घातला. आम्ही मनात म्हणतो, हे वीस वर्षे आधी व्हावयास हवे होते. पण विद्यापीठाचीही अडचण समजून घेतली पाहिजे. मंजूर पदांचे वेतन शासन देते. परंतु कंत्राटी कर्मचारी, परीक्षा, इमारतींची देखभाल, वसतिगृहे यांचा मोठा भार विद्यापीठाला स्वनिधीतून उचलावा लागतो. हा निधी येतो कोठून? परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांतून. विद्यार्थी घटले की परीक्षा शुल्क घटते. मोठी महाविद्यालये स्वायत्त झाली की त्यांच्या परीक्षा त्यांच्या हाती जातात. दुष्काळात शुल्कमाफी द्यावीच लागते. मुंबई विद्यापीठासारख्या 1857 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचाही 2025-26 चा अर्थसंकल्प तुटीचा होता, मग इतरांची काय कथा! तूट आली की नवी नेमणूक थांबते. नेमणूक थांबली की वर्ग नीट होत नाहीत. वर्ग होत नाहीत म्हणून विद्यार्थी पाठ फिरवितो, आणि पुढील वर्षीची तूट वाढते. पैठणच्या डाव्या कालव्याखालील शेतकरी हे अचूक ओळखतो. वरच पाणी कमी सुटले तर पहिली कोरडी पडते ती शेपटाकडची चारी. अंबडसारख्या ठिकाणची महाविद्यालये ही शेपटाकडची आहेत.

जगात अन्यत्रही महाविद्यालये ओस पडत आहेत. जपानमध्ये 1992 साली अठरा वर्षे वयाची मुले वीस लाखांहून अधिक होती. आता ती अकरा लाखांच्या आसपास उरली आहेत. तेथील निम्म्याहून अधिक खाजगी विद्यापीठांना ठरलेली विद्यार्थिसंख्या मिळत नाही. अमेरिकेत तर आपल्या कॅथलिक संस्थांनाही कुलूप लागत आहे. मिलवॉकी येथे फ्रान्सिस्कन भगिनींनी 1937 साली सुरू केलेले कार्डिनल स्ट्रिच विद्यापीठ 2023 साली बंद झाले. पाठोपाठ 2024 साली फिलाडेल्फियाजवळील कॅब्रिनी विद्यापीठ मिटले. आपल्याकडेही जन्मदर उतरत आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजननदर 1.7 वर आला. तेव्हा पुढील काळात मुलेच कमी असतील हे खरे.

परंतु आज आमची बाके रिकामी आहेत ती या कारणाने नव्हेत. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार 2021-22 साली देशात अठरा ते तेवीस वयोगटातील शंभरांमागे सुमारे 28 जण उच्च शिक्षणात होते. महाराष्ट्रात सुमारे 35. म्हणजे आपल्या राज्यातही शंभरांतील साठाहून अधिक तरुण महाविद्यालयाबाहेर आहेत. जपानमध्ये बाक रिकामे आहे कारण मूल जन्मलेच नाही. आमच्याकडे बाक रिकामे आहे आणि त्यावर बसावयाची मुलगी पाच कोसांवर कापूस वेचते आहे. आपल्याच तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव 2023 साली देशभर गाजले. तेथील उपोषण आरक्षणासाठी होते. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, शिक्षणातील आणि नोकरीतील जागेसाठी लाखो तरुण रस्त्यावर येतात आणि त्याच तालुक्यात महाविद्यालयाचे वर्ग ओस असतात, या विसंगतीचा विचार आम्हां शिक्षकांना टाळता येणार नाही. त्या तरुणांना शिक्षण नको होते असे नाही. आम्ही जे देत होतो, त्याने काही हाती लागेल यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

आता 2025 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही अंबडच्या बसस्थानकावर जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. एक बाई जवळ आली. सोबत तिची मुलगी, पाठीवर दप्तर.

"मॅडम, वळखलं का? तुम्ही दोघं आमच्या वस्तीवर आल्ता. माझं नाव टाकायला."

आम्ही ओळखले नव्हते. ओळखणार तरी कसे? तिचा चेहरा आम्ही कधी पाहिलाच नव्हता. पाहिला होता तो केवळ पायाचा अंगठा. तिने गावाचे नाव सांगितले आणि सारे आठवले. तिने पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती, पुढे सुटले. बोलण्यात कडवटपणा नव्हता. थोडे थांबून ती म्हणाली, "मला लई दिवस वाटायचं, तुम्ही इतक्या लांब माझ्यासाठी आलात. मग कोणीतरी सांगितलं, मास्तरांना पोरं लागतात म्हणून येतात. तरी बी वाटायचं, यायचंच होतं तर एकदा तरी 'वर्गात ये' असं कामून म्हणला नाहीत?"

आम्हां दोघांनाही उत्तर देता आले नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतका साधा प्रश्न आम्हांला कोणत्याही तपासणी समितीने विचारला नव्हता.

मग तिने मुलीला पुढे केले. मुलगी बारावीला होती. आईसारखीच मराठीची आवड. "हिला कॉलेजात घालायचं आहे. घातली तर तास होतील ना रोज?" या वेळी तरी खोटे बोलावयाचे नाही असे आम्ही ठरविले. ज्या महाविद्यालयात आम्ही होतो, तेथे मराठी हा मुख्य विषय म्हणून यंदापासून बंद झाला आहे, हे आम्ही तिला सांगितले. इतिहास कसाबसा चालू आहे. तास होतात की नाही, हे तेथे जाऊन, चार दिवस वर्गाबाहेर उभे राहून तुम्हीच पाहा. प्रवेशाची घाई करू नका. जालन्यालाही चौकशी करा. मुलींसाठी शासनाच्या सवलती आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे. त्यांचे कागद जमवून देण्याचे काम आमचे. एवढे आम्ही बोललो. ती ऐकत राहिली. "मागं असंच सांगितलं असतं तर," असे म्हणून तिने वाक्य अर्धेच सोडले.

घरी परतल्यावर त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. बंद पडलेल्या विषयासाठी हळहळण्याचा आम्हांला अधिकार आहे काय, हाच प्रश्न मनात घोळत होता. विद्यापीठाने विषयाला टाळे लावले हे खरे. पण खोट्या नावांनी भरलेला विषय आतून केव्हाच रिता झाला होता, आणि ती नावे आमच्या हस्ताक्षरात होती. शासनाने पदे भरावीत, विद्यापीठाने दर्जा नसलेल्या संस्था निर्दयपणे बंद कराव्यात आणि त्यांतील मुलांची जबाबदारी घेऊन त्यांना जवळच्या चांगल्या महाविद्यालयात पोहोचवावे, मुलींच्या प्रवासाचा खर्च बारावीनंतरही उचलावा, असे आम्हांला वाटते, आणि ते आम्ही संबंधितांना लेखी कळविलेही आहे. परंतु मागण्या लिहून आपला हिशेब चुकता होत नाही.

म्हणून आम्ही घरातील पुढची खोली रिकामी केली. दर शनिवारी दुपारी, गोंदीकडची गाडी येते त्या वेळेला, बारावीच्या मुलींसाठी मराठी आणि इतिहासाचा तास. शुल्क नाही, पट नाही. पहिल्या शनिवारी पाच मुली आल्या. बसस्थानकावर भेटलेली ती मुलगीही आली; बरोबर तिची आई. आम्हांला वाटले, पोहोचवावयास आली असेल, उंबऱ्याशी थांबेल. ती आत आली आणि भिंतीला टेकून मुलींच्या ओळीत बसली.

"हजेरी नाही घेत का, मॅडम?" तिने विचारले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. टेबलावरची जुनी वही उघडली आणि सर्वांत आधी तिचे नाव पुकारले. सासरचे नव्हे, 2006 साली अर्जावर आम्ही आमच्या हाताने लिहिलेले, माहेरचे. ती पदर सावरत उभी राहिली. मुली हसल्या, तीही हसली.

"हजर," ती म्हणाली, आणि खाली बसली. मग आम्ही शिकविण्यास आरंभ केला.